पाणी कोणत्या टाकीचं?

सन दोन हजार तेवीस, माघ महिना. थंडी सरत आलेली. पहाटे गोधडी लागायची आणि दुपारी पंखा. महिना मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं महिन्यांवरच आहे. आता काय सांगायचं, माती मी स्वतःच्या हाताने केली, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी. खालचे देवधर सांगतात ते मीठमसाला लावून सांगतात.

मी जगताप. मूळचा धायरीचा, धायरी गाव होतं तेव्हाचा. सातवी पास. पंचेचाळीस वर्षं प्लंबिंग केलं. नारायण पेठेतल्या निम्म्या इमारतींच्या भिंतीत माझ्या हातचे पाइप आहेत. हाताखालच्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवली. पाना उचलायच्या आधी विचारायचं, पाणी कोणत्या टाकीचं? ते न विचारता जो भिंत फोडतो, तो गाढव.

हे लक्षात ठेवा.

तर आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जमिनीखाली गळती लागली. सोसायटीची मीटिंग भरली. चेअरमन म्हणाले, लाइन कुठून गेलीय कोणालाच माहीत नाही, सगळ्या फरशा उखडाव्या लागतील.

मी उभा राहिलो. "एकही फरशी काढायची नाही. लाइन मी टाकलीय. नकाशा माझ्याकडे आहे. रविवारी आणतो."

त्यावर आमच्या खालच्या मजल्यावरचे देवधर, बँकेतून रिटायर झालेले, चष्मा पुसत म्हणाले, "नकाशा आहे की आठवण आहे?"

लोक हसले. मी बसलो नाही. "कागद आणतो," म्हटलं, आणि घरी आलो.

या देवधरांशी माझं आठ वर्षं वाकडं होतं. कारण साधं. त्यांनी बाथरूम नवं केलं आणि प्लंबर आणला बाहेरून. डोक्यावर जगताप राहतो आणि हे प्लंबर बाहेरून आणतात! दुसऱ्याने असला अपमान गिळला असता. मी नाही.

आता नकाशाचं. माझ्या सगळ्या कामांचे नकाशे एका वहीत होते. ती वही वाळवीने खाल्ली. पण त्याआधी सूनबाईने, मृणालने, पानापानाचे फोटो काढून आपल्या कंप्युटरवर ठेवले होते. मृणालचा कंप्युटर मॅक. माझा विंडोजवाला, मुलाने वापरून टाकलेला. प्रिंटर माझ्याकडे, नकाशा तिच्याकडे. मध्ये एक भिंत, नऊ इंची. आणि मुलगा-सून आठवडाभर बंगळूरला. येणार सोमवारी. मीटिंग रविवारी.

मी मृणालला फोन लावला.

"बाबा, सोप्पंय. पेनड्राइव्हवर घ्या."

"तुझ्या मॅकला पेनड्राइव्हचं भोकच नाही."

"अरे हो, त्याला अ‍ॅडॅप्टर लागतो, तो माझ्या बॅगेत आहे. मग स्वतःला मेल करा ना."

"मेल कुठून जातो?"

"म्हणजे सर्व्हरवरून... बाहेरून जातो आणि येतो."

"शेजारच्या खोलीतलं पाणी शेजारच्या खोलीत आणायला मी खडकवासल्याच्या धरणावर जाऊ?"

"बाबा, एक मिनिटाचं काम आहे हो."

"घरातली वस्तू घरातून जाईल. लाइन टाकायची कशी ते सांग."

तिने हार मानली. मग मॅकवर कुठे दाबायचं, शेअरिंग कसं चालू करायचं, विंडोजची टिक कुठे करायची, सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं. माझ्या कंप्युटरवर येऊन दोन तिरप्या रेघा आणि मॅकचा नंबर टाकला. म्हणाला, सापडत नाही.

पुन्हा टाकला. सापडत नाही.

भिंतीपलीकडे उभा आहे! मला खोकला आला तर त्याला ऐकू जाईल! आणि म्हणे सापडत नाही!

सुमन, म्हणजे आमची ही, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, मॅकच उचलून न्या मीटिंगला."

"मॅक तिच्या खोलीबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे घरात."

"नियम तुम्हीच केलाय."

"म्हणूनच पाळतोय."

"मग मोबाइलने फोटो काढा त्याचा."

"फोटोचा फोटो? देवधरने कागद मागितलाय. कागदच देणार."

 तिने पोळी जोरात आपटली.

गुरुवार गेला. शुक्रवारी शनिवार पेठेत एका कंप्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, दोन वेगळ्या सिस्टिम आहेत, त्यांचं एकमेकांशी पटत नाही. दोन्ही सेम घेऊन टाका."

"तुमचं बायकोशी पटलं नाही तर काय करता?"

त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

पण त्याने जाता जाता एक सांगितलं. दोन्ही कंप्युटरचं ग्रुपचं नाव एक लागतं. म्हणजे आडनावच म्हणा. मी घरी येऊन दोघांना जगताप केलं. तरी ओळख नाही. कोणीतरी म्हणालं फायरवॉल आडवी येते. फायरवॉल बंद केली. पासवर्ड आडवा येतो म्हणाले. पासवर्ड काढला. माझ्या कंप्युटरची जेवढी दारं होती तेवढी मी उघडली. मोठ्या लग्नातही कार्यालयाची इतकी दारं उघडत नाहीत. मॅक मात्र सापडेना.

शनिवारी सकाळी कीर्तन लावलं आणि पुन्हा बसलो. रोज सकाळी मी नेटवर कीर्तन ऐकतो. ऐकता ऐकता 'नेटवर्क' नावाचं चित्र दाबलं. म्हटलं, बघू तरी घरात कोण कोण दिसतंय.

एक दिसला. मॅक नव्हे.

इंग्रजीत ठळक नाव होतं, देवधर.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. आता तुम्हीच सांगा, माझ्या घरात, माझ्या नेटात, माझी सून सापडत नाही आणि देवधर बसलाय! दोन वर्षांपूर्वी नेट घेतलं तेव्हाच हा माणूस जिन्यात विचारत होता, "कसं आहे हो तुमचं नेट? स्पीड बरा आहे का?" तेव्हाच मला वास आला होता. म्हणूनच तर वायफायचा पासवर्ड मी असा ठेवला होता, की मृणाल म्हणाली, "बाबा, हा बदला हो, कोणाला सांगायचं म्हटलं तर लाज वाटेल." मी म्हटलं, कोणाला सांगायचंच नाही, म्हणून तर तो पासवर्ड.

तडक खाली गेलो. देवधरांचं दार उघडंच होतं. ते पेपर पसरून मटार सोलत बसले होते.

"देवधर, दुसऱ्याच्या नेटात शिरायला लाज वाटत नाही?"

"कोण शिरलंय?"

"तुम्ही! माझ्या कंप्युटरवर तुमचं नाव दिसतंय."

"जगतापराव, मी सकाळपासून मटारात आहे."

"बँकेत होतात ना? आणि दुसऱ्याच्या लाइनीवर टॅप मारता?" माझा आवाज चढला होता. समोरच्या दाराची कडी वाजली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी जिन्यात वाकलं. मला बरंच वाटलं. म्हटलं, ऐकू दे.

देवधरांनी हातातली शेंग सोलून संपवली. "सिद्ध करा," म्हणाले.

"करतो. चोरीची लाइन कशी पकडायची हे मला शिकवू नका. मेन कॉक बंद करायचा. ज्याचा नळ आटला तो चोर. चला वर."

आले. हात पुसत, सावकाश. मागून देवधरवहिनी आल्या. जिन्यातले दोघेही आले. मी सगळ्यांच्या देखत माझ्या नेटच्या डब्याची वायर उपटली आणि हातात धरली.

"आता तुमचं नेट गेलं," मी म्हटलं.

देवधरांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर केला, बघितलं. "चालू आहे."

"पाइपात उरलेलं असेल. थांबा."

थांबलो. पाच मिनिटं.  फक्त कीर्तनकार बोलत होते. अहंकारावर छान निरूपण चाललं होतं.

देवधरच म्हणाले, "जगतापराव, एक विचारू का? तुमचा डबा बंद आहे. वायर तुमच्या हातात आहे. मग हे बुवा कुठून बोलतायत?"

मी वायरकडे बघितलं. कंप्युटरकडे बघितलं. कीर्तनकारांनी टाळ वाजवले.

"पाइपात उरलेलं..." म्हणालो, पण आवाज उतरला होता.

"मी जरा खाली जाऊन येतो," देवधर म्हणाले.

ते गेले. दोन मिनिटं झाली. बुवा म्हणत होते, "आणि तेव्हा त्या गर्विष्ठाला..." आणि बुवा थांबले. तोंड उघडंच. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं.

खालून आवाज आला, "नळ आटला का हो?"

मी वायर खाली ठेवली. सुमनकडे वळलो. ती पदराने घाम पुसत होती. माघ महिन्यात.

"अहो, गेल्या गणपतीत नाही का गल्ली खणली होती आणि आपली वायर तुटली होती? चार दिवस कीर्तन नाही म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतं. मग मी वहिनींकडून त्यांचा पासवर्ड आणला आणि घातला."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगायला आले तर तुम्ही फोनवर. नेट कंपनीला झापत होतात. तेवढ्यात बुवा सुरू झाले, आणि तुम्ही म्हणालात, 'बघ, आवाज चढवला की अर्ध्या तासात लाइन येते.' इतके खूश होतात. म्हटलं, असू दे."

खूश होतोच. दुसऱ्या दिवशी जिन्यात देवधरांनाही सांगितलं होतं, की माणसाला झापता आलं पाहिजे, आमचं नेट कसं सुरू झालं बघा. त्यावर ते इतकंच म्हणाले होते, "हो का? वा." तो 'वा' मला आत्ता कळला.

वायर नंतर कंपनीवाले जोडून गेले होते. मॅक घरच्या नेटवर परत आला. माझा कंप्युटर मात्र तेव्हापासून देवधरांच्या टाकीवर होता. दोन कंप्युटर शेजारी, टाक्या वेगळ्या. मी दोघांना आडनाव दिलं, दारं उघडली, भिंती पाडल्या. टाकी विचारली नाही. पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांना गाढव म्हणत आलो.

वायर लावली. माझा कंप्युटर माझ्या डब्यावर घेतला. दोन तिरप्या रेघा, नंबर. मॅक उभा! नकाशा एका दमात आला. मृणालला फोन केला.

"अय्या, वेगवेगळ्या वायफायवर होते? बाबा, पहिल्यांदा तेच बघायचं असतं!"

"माहीत आहे," म्हटलं आणि ठेवला.

रविवारी कागद नेला. चार फरशा काढल्या, गळती तिथेच होती. देवधर म्हणाले, "नकाशा चोख आहे." नेटबद्दल चकार शब्द नाही. त्याने मला जास्त लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी बोटांवर मोजलं. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. पाच महिने मी देवधरांचं फुकट नेट वापरलं होतं. मी! जो शेजाऱ्याकडून वाटीभर साखर घेऊ देत नाही! संध्याकाळी खाली गेलो.

"देवधर, मी तुमचे पाच महिने लागतो. फाल्गुन ते आषाढ तुमचा डबा बंद ठेवा. माझ्या नेटवर चालवा."

"अहो, राहू द्या हो."

"मी फुकटचं ठेवून घेत नाही."

ते जरा हसले. "मीही नाही. बाथरूमला बाहेरचा प्लंबर का आणला, माहीत आहे? तुम्ही शेजारी म्हणून पैसे घेतले नसतेत. मला फुकटचं आवडत नाही."

आठ वर्षांचं वाकडं एका वाक्यात सरळ झालं.  "म्हणून तर," म्हटलं, "घ्या माझं नेट. मोबाइल काढा."

काढला. वायफाय शोधलं. बोट वर धरून म्हणाले, "सांगा पासवर्ड."

तेव्हा मला आठवलं.

"उद्या देतो," मी म्हटलं.

"आत्ता म्हणालात की."

"बदलून देतो."

"कशाला? आहे तो सांगा. असा काय असणार आहे?"

मागे वहिनी उभ्या. जिन्यात सुमन उभी. खोटं बोलायची सवय नाही. भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "इंग्रजीत. सलग. देवधरफुकट्या."

देवधरांनी एकेक अक्षर दाबलं. शांतपणे. मग म्हणाले, "लागत नाही."

"पुढे एक दोन तीन."

"ते कशाला?"

"बसवणाऱ्याने आकडाही मागितला."

दाबलं. "लागलं," म्हणाले. "सोपा आहे. लक्षात राहील. आता बदलू नका."

मी बदलला नाही. त्यांनी त्यांचा डबा बंद केला. पाच महिने त्यांच्याकडे जो पाहुणा येई, तो नेट मागे. आणि देवधर दार सताड उघडं ठेवून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगत, "लिहा. देवधरफुकट्या. हो, माझंच नाव. वरच्या जगतापांनी ठेवलाय, पाच महिने आमचं नेट वापरून झाल्यावर परतफेड म्हणून दिलाय." मी वर कीर्तनाचा आवाज वाढवत असे.

आषाढी अमावास्येच्या संध्याकाळी देवधरांनी त्यांचा डबा चालू केला. पाच महिने फिटले.