सुनेच्या कार्डावर आणलेली पुस्तकं

माझी सून बाळंत झाली तेव्हा तिच्या एम.ए.चे दोन पेपर राहिले होते. ती दूरशिक्षणातून शिकत होती. म्हणजे अभ्यास घरी करायचा आणि परीक्षेला तेवढं केंद्रावर जायचं. मधे लग्न झालं, मग तिला कावीळ झाली, मग दिवस गेले. असं होता होता विद्यापीठानं दिलेली मुदत संपत आली. यंदा हे दोन पेपर निघाले नाहीत तर आधीचे सगळे वाया जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. पोर कडेवर घेऊन ती पुन्हा सुरुवात करणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिचं सिझर झालं होतं, टाके ओले होते, आणि लागणारी पुस्तकं विद्यापीठाच्या लायब्ररीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

माझा मुलगा भिलाईला स्टील प्लांटमध्ये शिफ्टवर असतो. रविवारची सुटी त्याला मिळाली तर मिळाली. आणि दूरशिक्षणवाल्यांना पुस्तकं रविवारीच मिळायची, बाकीचे दिवस रोजच्या कॉलेजच्या मुलांचे.

सून पडल्या पडल्या म्हणाली, "मम्मी, तुम्ही जाऊन याल का?"

"मी? मले काय समजते तिथलं?"

"समजायचं काय त्यात? कार्ड देते, पुस्तकाचं नाव लिहून देते. मॅडमले दाखवायचं, बस."

"अन् त्यांनी काही विचारलं तर?"

"तर हव हव म्हणून मान हलवायची," ती म्हणाली आणि हसायला लागली. मग टाके ओढले म्हणून तिनं पोट धरलं.

मी चौथी शिकलेली. गोंदियाकडच्या आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती. लग्न होऊन रायपूरला आले त्याला किती वर्षं झाली, पण अजूनही परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी मुलाला पुढे करते. भाजीवाल्याशीसुद्धा मी भाव करत नाही. पण त्या रविवारी पदर खोचून निघाले.

मला वाटलं होतं, तिथे सगळी पोट्टे-पोट्टीच असतील. बघते तर लायब्ररीच्या व्हरांड्यात मोठी माणसं. कोणी धमतरीहून आलेलं, कोणी महासमुंदहून, पहाटेच्या बसनं. एक पोलिसातली बाई वर्दीवरच बसून वाचत होती. एकीचे केस माझ्यापेक्षा पांढरे. मला वाटलं, ही पण कोणाची तरी सासू असेल. तर ती स्वतःच शिकणारी निघाली. डबा उघडून तिनं मला बेसनाची तळलेली ठेठरी दिली आणि विचारलं, "किसके लिए आई हो दीदी?"

"बहू के लिए."

"अरे वाह! हमारी सास तो किताब देखते ही बर्तन पटकती थी. अब वो नहीं रहीं तो पढ़ रही हूँ."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मलाही हसू आलं आणि माझा जीव जरा थाऱ्यावर आला.

आत काउंटरवर लायब्ररीच्या मॅडम होत्या. चष्म्याला दोरी, अंगावर साधी सुती साडी. मी कार्ड आणि कागद पुढे सरकवला. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "बहू खुद नहीं आई?"

"डिलिवरी हुई."

"अच्छा! क्या हुआ?"

"लड़की."

"बधाई हो अम्मा." मग त्यांनी सांगितलं, की दुसऱ्या कोणाला पाठवायचं असेल तर विद्यार्थिनीनं तसं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. आमच्याजवळ ते नव्हतं. मी परत फिरायला लागले. त्यांनी हाक मारली, "कहाँ चलीं? अगली बार ले आना. आज मेरी जिम्मेदारी पर ले जाओ." आणि दोन पुस्तकं माझ्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवली.

घरी पुस्तकं आली आणि मला धाक बसला. बाळंतिणीची खोली ती. तेलाची वाटी, हळद, शेक-शेगडीचा धूर, तुपाचे हात. आणि वस्तू दुसऱ्याची. आमच्या घरी पुस्तक उघडं ठेवायची रीतच नव्हती. माझे वडील मजुरी करायचे, पण जून महिन्यात शाळेची पुस्तकं आली की आधी त्यांना कव्हर घालायचे, मग आम्हाला हात लावू द्यायचे. मुलाच्या पुस्तकांना मीही तेच केलं. तेव्हा मी चिकटवायला कणकेची लई, म्हणजे खळ, शिजवली, जुन्या कॅलेंडरचे जाड कागद काढले आणि दोन्ही पुस्तकांना कव्हर घातलं. सुटून येऊ नये म्हणून सगळीकडून चांगलं चिकटवलं. पाठीला, आतून, बाहेरून. सून झोपेतून उठली. तीही म्हणाली, "मम्मी, किती मस्त केलं!" तिच्या माहेरीही तीच रीत, तिला तरी कुठून सुचणार?

पंधरा दिवसांनी सुनेच्या सहीची चिठ्ठी घेऊन पुस्तकं परत करायला गेले. काउंटरवर त्या दिवशी एक भैया होता. त्यानं पुस्तक मशीनखाली धरलं. मशीन काही बोलेना. उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा धरलं.

"अम्मा, नंबर का स्टिकर कहाँ गया?"

स्टिकर कव्हरच्या खाली होता. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबरही खाली, तारखेचा शिक्का मारायचा कागदही खाली.

"इसको तो आपने दुल्हन बना दिया! अब घूँघट कौन उठाए?"

मागची रांग हसली. मीही हसायचं म्हणून हसले. मग त्यानं कव्हरचा कोपरा ओढून पाहिला आणि त्याचं हसू गेलं. "ये तो पूरा चिपका है. निकालेंगे तो फटेगी. फटी तो कार्ड बंद हो जाएगा, अम्मा. नियम है."

दुसऱ्या पेपरची पुस्तकं अजून न्यायचीच होती. परीक्षा जवळ आली होती. कार्ड बंद म्हणजे सगळंच बंद. घरी जाऊन त्या पोरीला मी काय सांगणार होते? आयुष्यात चार माणसांत मी कधी मोठ्यानं बोलले नाही, पण तेव्हा बोलले.

"कार्ड मत बंद करो, भैया. गलती मेरी है. बहू की नहीं. उसका आखरी पेपर है."

आतल्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या. पुस्तक हातात घेतलं, कागदावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"आटे की लेई है?"

"हव."

"तो पानी से निकल जाएगी. बैठो इधर."

त्यांनी वाटीत पाणी आणि स्वच्छ फडकं मागवलं आणि मला आपल्या टेबलाजवळ खुर्ची दिली. फडकं घट्ट पिळून त्या कागद जरासा ओलवायच्या, मी हळूहळू सोडवायची. घाई केली की त्या म्हणायच्या, "आराम से, आराम से." काम करता करता त्यांनी मला समजावलं. पुस्तकाची जागा त्या नंबरावरून ठरते. नंबर झाकला की पुस्तक कपाटात असूनही कोणाला सापडत नाही, आणि बसनं आलेला माणूस रिकाम्या हातानं जातो. मला त्या पांढऱ्या केसांच्या दीदीची आठवण झाली. पण मॅडम रागावल्या नाहीत. त्या भैयाला म्हणाल्या, "पन्ने फाड़ने वाले तो रोज आते हैं. बचाने के चक्कर में गलती पहली बार किसी ने की है." तारखेचा कागद तेवढा निघाला, तो त्यांनी नवीन लावला. पुस्तकं शाबूत राहिली. कार्डही चालू राहिलं.

दुसऱ्या पेपरच्या पुस्तकांपैकी एक मिळालं. दुसरं जागेवरच बसून वाचायचं होतं, ते घरी देत नाहीत. मी तोंड पाडून उभी. मॅडम म्हणाल्या, "बहू का व्हाट्सऐप नंबर बोलो. जो पाठ चाहिए, उसके पन्ने भेज दूँगी." मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणतात. पण मंगळवारी पानं आली. सुनेनं मोबाइल तेलाच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि पोरीला अंगावर पाजता पाजता वाचायला लागली. मी दुपट्यांच्या घड्या घालत तिथेच बसायची. तिचं पान संपलं की बोटानं वर सरकवायचं काम माझं, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले. "मम्मी, पुढे," ती म्हणायची. इंग्रजीतल्या त्या लिखाणातलं मला एक अक्षर कळायचं नाही. पण पुढे कधी सरकवायचं ते हळूहळू तिच्या डोळ्यांवरून कळायला लागलं.

दोन्ही पेपरांना मी पोरीला घेऊन केंद्राच्या आवारात बसले होते. निकाल लागला तेव्हा मुलगा घरीच होता. त्यानं मोबाइलवर पाहिलं आणि ओरडला, "निकल गए! दोनों निकल गए!" सून रडायला लागली. तिला पाहून पोरगीही रडायला लागली. जरा शांत झाल्यावर सून म्हणाली, "मम्मी, मॅडमले फोन तुम्ही लावा."

"मी काहून? पास तू झाली."

"तुम्हीच लावा."

तिनं नंबर लावून मोबाइल माझ्या कानाला धरला. पलीकडून मॅडमचा आवाज आला. मी कोण, कुठून, काही न सांगता एकदम म्हणून गेले, "मॅडम, बहू पास हो गई."

"किसकी बहू?"

"मेरी."

त्यांनी मला ओळखलं की नाही, ते मला आजपर्यंत माहीत नाही. पण त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की सुनेलाही ऐकू गेलं. "बहुत अच्छा किया, अम्मा, बहुत अच्छा किया," म्हणाल्या, आणि मग तिकडे लायब्ररीत कोणाला तरी हाक मारून सांगितलेलं मला ऐकू आलं, "अरे सुनो, एक बहू पास हो गई!"