मागच्या सीटची परीक्षा

गाडी कोणतीही असो, मॅडम आधी तिचं मागचं दार उघडायच्या. विकणारा पुढे उभा राहून चावी फिरवायचा, "इंजिन ऐका मॅडम, एकदम मक्खन," म्हणायचा आणि वळून पाहायचा, तर गिऱ्हाईक मागच्या सीटवर आडवं. उजव्या दाराला पाठ, एक पाय सीटवर सरळ ताठ, दुसरा खाली सोडलेला, पर्स पोटावर, डोळे मिटलेले. "दार लावा," असा आतून हुकूम यायचा. लागणारं दार पायाच्या अंगठ्याला टेकलं की मॅडम डोळे उघडायच्या.

"नाही जमत. चला सर."

सर म्हणजे मी. महालातल्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या, मी विज्ञान. दोघंही नंदनवनात राहणारे, म्हणून माझ्या लहानशा गाडीत रोजची सोबत. वर्गात त्यांची मराठी कडक इस्त्रीची असायची. शाळेचं फाटक ओलांडलं की 'मला'चं 'मले' व्हायचं आणि 'का'चं 'काहून'. मी एकदा त्यावरून छेडलं, तर म्हणाल्या, "पुस्तकातली मराठी शाळेतच ठेवून येते मी. घरी नेली तर सासू ओळखत नाही."

त्या सासूबाईंसाठीच हा सगळा खटाटोप होता. त्या आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, पायात रॉड बसला, आणि तेव्हापासून तो गुडघा वाकायचं नाव घेईना. वॉकर धरून घरात फिरायच्या. पण बाहेर जायचं म्हणजे दवाखाना आणि तोही ॲम्ब्युलन्समधून. दुसरीकडे कुठे त्या गाडीतून जायला आजींचा ठाम नकार. "त्यात निजल्यावर रस्ता कुठं दिसते गा मास्तर? छत दिसते," असं त्या मला म्हणाल्या होत्या. त्यांना दोनच ठिकाणी जायचं होतं. एक दीक्षाभूमी, दुसरं उमरेडच्या बहिणीचं घर. आणि दोन्हीकडे बसून जायचं होतं.

पहिला प्रयोग माझ्या गाडीवर झाला. आजी मागून आत सरकल्या, सरकल्या, आणि पाय दाराबाहेर उरला. मी म्हटलं, जरा तिरकं बसून पाहा. तिरकं बसल्यावर डोकं काचेला लागलं आणि पाय तरीही बाहेरच. आजी शांतपणे म्हणाल्या, "राहू दे बाहेर. वळताना हात दाखवतात तसा पाय दाखवू."

दुसरा प्रयोग मॅडमच्या भावाच्या उंच गाडीवर. आजकाल सगळ्यांकडे असतात तशी, आत चढायला शिडी लागावी अशी. खाली स्टूल ठेवलं. आजी स्टुलावर चढल्या, पण तिथून पुढे जाईनात की मागे येईनात. सगळी गल्ली जमली. आजींनी स्टुलावरूनच शेजारणीला नळ आला काय विचारलं, तिच्या सुनेची चौकशी केली, समोरच्या पोराला पतंगाच्या मांज्यावरून दम दिला, आणि मग म्हणाल्या, "उतरवा आता. भाषण झालं."

मग एक दिवस रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या पोर्चमध्ये मॅडमना ती दिसली. लांब, बुटकी, ऐसपैस फॅमिली गाडी. मागच्या दारातून एक लठ्ठ गृहस्थ सोफ्यावरून उठावं तसे उठून बाहेर आले. मॅडमनी ड्रायव्हरला गाठून गाडीचं नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की आपण हीच घेणार.

स्टाफरूम हसली. ती गाडी कंपनीनं कधीच बंद केली होती. लोकांना उंच गाड्या हव्या झाल्या आणि ही लांबडी मागे पडली. मिळाली तर जुनीच मिळणार. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, बंद झालेली गाडी घेता? पार्ट मिळायचे नाहीत."

"माझ्या सासूचे कुठं मिळतात सर? तरी चालूनच राहिली ना!"

मग पी. टी.च्या सरांनी तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडे गाडीचं नाव निघताच कोणीतरी विचारतंच. "पण किती देते?" लिटरला किती किलोमीटर, एवढंच माणसाला जाणून घ्यायचं असतं.

"किती देते ते नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी किती घेते ते पाहा."

त्यांचे मिस्टर बदलीच्या गावी होते, महिन्याकाठी एकदा येत. फोनवर ते एवढंच म्हणाले, "तू म्हणशील ती." त्यामुळे रविवारी माझी वर्दी लागली. मी इंजिन पाहायचं, त्या सीट पाहणार. सासू आणि सून उंचीनं अगदी एका मापाच्या होत्या. चपलासुद्धा एकमेकींच्या घालायच्या आणि त्यावरून भांडायच्या. तेव्हा आजींना घरून हलवायची गरजच नव्हती. मॅडम स्वतःच आजी व्हायच्या. गुडघा न वाकवता, "आई गं, हळू, हळू" म्हणत आत शिरायच्या. एकदा तर एका दलालानं घाबरून पाण्याची बाटली आणली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडमले काय झालं हो? पहले दवाखान्यात नेता काय?"

दलालांबद्दल तुमचाही अनुभव असेल. नागपुरात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी कोण्यातरी डॉक्टरची असते. डॉक्टर ती फक्त घर ते दवाखाना चालवतात आणि पावसात काढत नाहीत. आम्ही पाहिलेली पहिली गाडीही अशीच डॉक्टरांची निघाली. चकाचक पॉलिश, आत मोगऱ्याचा वास इतका, की लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटावं. मला इंजिनात काही खोट दिसेना. मॅडम मागे आडव्या झाल्या. पाय मावला! दार लागलं! मग आजींच्या पोटाला आडव्या बसून पट्टा पुरेल का, हे पाहायला त्यांनी सीटबेल्ट ओढला. ओढत ओढत पार शेवटपर्यंत. कोणी कधी ओढत नाही इतका. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ होता. गाडी कधीतरी सीटपर्यंत पाण्यात बुडून आली होती आणि मोगरा त्यासाठीच होता.

दलाल म्हणाला, "मॅडम, डॉक्टर साहेबांची शेती आहे. शेतात गेली असन कधी."

"हो काय? सीटबेल्ट पेरला होता वाटते त्यांनी."

दुसरी गाडी एका तरुणाची. त्यानं ती आणखी बुटकी करून घेतली होती आणि डिकीभर स्पीकर बसवले होते. मॅडम आडव्या झाल्या आणि त्यानं हौसेनं गाणं लावलं. मॅडम दार न उघडताच जवळजवळ बाहेर आल्या. परत येताना म्हणाल्या, "पाय बसते हो सर, पण आईचा रॉड वाजन त्यात."

इंजिन, टायर, रंग हे सगळं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. विकणाऱ्याला मात्र त्या एक प्रश्न स्वतः विचारायच्या. "काहून विकून राहिले?" आणि मग गप्प बसून त्याच्या तोंडाकडे पाहायच्या. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहावं तसं. त्या नजरेपुढे भलेभले चाचरायचे. एकजण तर न विचारता क्लच गेल्याचं कबूल करून मोकळा झाला.

तिसरी गाडी रामदासपेठेत, एका निवृत्त वकिलांकडे. गाडी डॉक्टरची नाही हे ऐकूनच मला बरं वाटलं. वकीलसाहेबांनी आम्हाला आधी बसवलं, चिवडा दिला, आणि मॅडमच्या प्रश्नावर बाजू मांडायला सुरुवात केली. बदलता काळ, पेट्रोलचे भाव, मुलं परदेशात, शहरातल्या वाहतुकीची दुरवस्था. दिवाणी दावा असता तर तारीखच पडली असती. शेवटी आतून त्यांच्या पत्नी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, खरं सांगा ना. यांना डाव्या बाजूचं नीट दिसत नाही आता. तिकडचा आरसा दोनदा फोडला. मीच चावी लपवून ठेवली आहे."

वकीलसाहेब चिवडा खाऊ लागले. मॅडमचा चेहरा उजळला. खरं उत्तर मिळालं होतं.

मी गाडी नीट पाहिली. डावीकडची दोन्ही दारं नव्यानं रंगवलेली. टायर फारसे चाललेले नव्हते, पण उभ्याउभ्या कडक झालेले. एसी सुरू केला की कुकरसारखा आवाज. शिवाय हिचे दिवे, काचा, बटणं आता इथं मिळत नाहीत, मागवावी लागतात, आठवडे जातात. मी सगळं मॅडमना सांगितलं आणि स्पष्टच म्हटलं, की विज्ञानाचा शिक्षक म्हणून माझं मत नाही असं आहे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुमचं समदं बरोबर आहे. पण तुम्ही सांगितलं त्यात आई कुठं बसली?"

मग त्यांनी वकीलसाहेबांना पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं. पायाचं, रॉडचं, दीक्षाभूमीचं. म्हणाल्या, एकदा आईंना बसवून पाहू द्या, मगच बोलू. असं दलाल कधीच ऐकत नाहीत. वकीलसाहेब उठले आणि बायकोकडे हात पसरून म्हणाले, "चावी दे. चालवत नाही, यांना देतो."

मी गाडी चालवली, वकीलसाहेब शेजारी बसले आणि डावीकडून काही आलं की नेमके त्याच वेळी उजवीकडे बघत राहिले. नंदनवनात गल्ली पुन्हा जमली. स्टुलाचा प्रसंग कोणी विसरलं नव्हतं. आजी वॉकर घेऊन फाटकापर्यंत आल्या. पांढरं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. नुसती गाडी पाहायला एवढी तयारी कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या पाठमोऱ्या झाल्या, सीटवर टेकल्या. मॅडमनी तो पाय दोन्ही हातांवर घेतला. आजी सरकत गेल्या, पाठ पलीकडच्या दाराला लागली, पाय सीटवर आला. पुरा आला. पाय आणि दार यांच्यामध्ये मॅडमची पर्स मावेल एवढी जागा उरली.

"दार लाव वं," आजी म्हणाल्या.

मॅडमनी दार लावलं. आजींनी काच खाली करायला लावली, पुढे बसलेल्या वकीलसाहेबांना "जय भीम" घातला. ते गडबडून मागे वळत "जय भीम, जय भीम" म्हणाले. मग आजी मला म्हणाल्या, "चाला गा मास्तर."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? दीक्षाभूमीले."

"आई, गाडी आपली नाही झाली अजून!" मॅडम ओरडल्या.

"मंग होऊ दे. तवापर्यंत मी उतरत नाही."

आणि त्या उतरल्या नाहीत. अर्धा तास समजूत घालून झाली. शेवटी वकीलसाहेबच म्हणाले, "चला हो. माझीही फेरी होईल." मॅडम आजींच्या पायाशी, उरलेल्या जागेत अंग चोरून बसल्या आणि आम्ही निघालो. स्तूप दिसू लागला तेव्हा आरशात पाहिलं. आजी खिडकीतून बघत होत्या, लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून इथं आलेलं सांगत होत्या. आणि मॅडम, ज्यांनी भल्याभल्या दलालांना पाणी पाजलं, त्या पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडत होत्या. "रडते काहून वं?" आजींनी विचारलं. "माया पाय तुया पायावर पडला काय?"

गाडी अर्थातच घेतली. माझी सगळी भाकितंही खरी ठरली. मागची एक काच अडकली आणि तिचा पार्ट यायला दीड महिना लागला. पेट्रोल ती उसाच्या रसासारखी प्यायची. पण मॅडमनी त्या वयात गाडी शिकून घेतली, आणि रविवार आजींचा झाला. आजी नेहमी डावीकडे तोंड करून बसायच्या, म्हणून त्यांना रस्त्याची एकच बाजू दिसायची. त्याच रस्त्यानं परत यायचं असा त्यांचा हट्ट असे. जाताना अर्धं नागपूर, येताना उरलेलं. उमरेडला बहिणीकडे तर इतक्या वेळा गेल्या, की बहीण म्हणाली, आता फोन करून येत जा.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्यात आजी झोपेतच गेल्या.

लोकांनी गाडी विकायचा सल्ला दिला, काही गिऱ्हाइकंही आली. मॅडम त्यांना खुर्चीवर बसवायच्या आणि विचारायच्या, "काहून घेऊन राहिले?" मग तीच नजर. एकजण म्हणाला, स्वस्त आहे म्हणून. एकजण म्हणाला, लग्नाच्या वरातीला भाड्यानं लावीन. कोणीच पास झालं नाही. गल्लीत कोणाच्या पायाला प्लास्टर बसलं, की लोक आपोआप मॅडमच्या फाटकाशी येऊ लागले.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. मिस्टरही झाले, आणि दोघं मुलीकडे चंद्रपूरला राहायला गेले. निरोपाच्या दिवशी मॅडमनी एक चूक केली. हारतुरे, भेटवस्तू, झाडाची कुंडी असं सगळं न्यायचं म्हणून ती लांब गाडी सरळ शाळेच्या बोळात आणली. महालातला बोळ. आत आली, पण वळेना. एका बाजूला जिलेबीवाला, दुसऱ्या बाजूला उभ्या स्कूटरी, समोर शाळेचं फाटक. मग अख्खा बोळ मदतीला धावला. "लेफ्ट काटा मॅडम!" "अजून, अजून!" "बस!" शेवटी ठरलं, की तशीच मागे मागे न्यायची, पार रस्त्यापर्यंत.

आम्ही सगळे फाटकात उभे होतो. माणूस जातो तेव्हा त्याची पाठ दिसते. मॅडमचं तोंड आमच्याकडेच होतं. गळ्यात झेंडूचा हार, एक हात स्टिअरिंगवर, मान वळवून मागे पाहायच्या, पुन्हा समोर बघून आम्हाला हात करायच्या, पुन्हा मागे. गाडी इंच इंच मागे सरकत होती आणि काचेतला चेहरा लहान लहान होत होता. पी. टी.चे सर कोणाला ऐकू जाईल न जाईल असं पुटपुटले, "सावकाश घ्या मॅडम, घाई नाही."