ग्रेसबाईंची मांडी

आज मक्याचं पीठ शिजताना वास दरवळला आणि मलावीतलं ते खेडं आठवलं. यांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहायचो. आईबाप गेलेल्या मुलांसाठी गावातल्या बायका रोज आंब्याखाली मक्याच्या पिठाची पेज रांधायच्या. एकदा एक चिमुरडी आली. तिला सांभाळणारी आजीही नुकतीच वारली होती. पोर पेजेला हात लावेना. रांधणाऱ्या ग्रेसबाईंनी तिला मांडीवर घेतलं.

"रात्री मी कुठे झोपू?" तिनं हळूच विचारलं.

"माझ्या कुशीत."

"आणि उद्या?"

"उद्याही माझ्याच कुशीत, बाळा."

ग्रेसबाईंचं घर आधीच पोराबाळांनी भरलेलं. माया जागा बघून थोडीच येते! पोर पेज प्यायली आणि तिथेच झोपली. ग्रेसबाईंच्या पायाला मुंग्या आल्या, पण त्या हलल्या नाहीत.