फोडशीची मुळं

एका पावसाळ्यात आमच्या घरी एक बाई चार दिवस राहिल्या. त्या कॉलेजात शिकवत आणि झाडाझुडपांची चित्रं काढत. राजूरहून जीपने आल्या होत्या. त्यांच्याजवळ एका फार जुन्या पुस्तकातल्या चित्राची झेरॉक्स होती. इंग्रजांच्या काळात कुणीतरी आमच्या डोंगरावरच्या फोडशीचं, पावसाळ्यातल्या रानभाजीचं, चित्र काढलं होतं. पानं, फुलांचा दांडा, सगळं नीट होतं. मुळं मात्र नव्हती. बाईंना ते चित्र मुळांसकट नव्याने काढायचं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, फूल आलेलं एक रोप आणाल का? सगळंच्या सगळं हवं."

मी मान डोलावली. तोवर मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

उतारावरची फोडशी गुरांनी खाल्ली होती. कड्याच्या बाजूला फुलावरचं एकच रोप मिळालं. खुरप्याने सावकाश उकरून घरी आणलं. बाई अंघोळीला गेल्या होत्या. पाहुण्यांच्या हातात चिखलाची वस्तू कशी द्यायची, म्हणून मी ओट्यावर बसले. पिवळी पानं काढली, विळीवर मुळं कापली, धुऊन रोप ताटात ठेवलं. लहानपणापासून फोडशी हातात आली की हेच केलेलं. मुळं उकिरड्यावर टाकून आले.

बाई आल्या आणि ताटाकडे बघत उभ्या राहिल्या.

सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "निवडून दिली व्हय गं? आता फोडनी बी दे."

"दुसरं आणते," मी म्हणाले.

"फुलावर आहे का दुसरं?"

मी नाही म्हटलं.

"मग बिनफुलाच्याची मुळं काढा की," सासूबाई म्हणाल्या. "कुनाला कळतंय?"

"मला कळेल ना, आजी. एका चित्रात दोन रोपं जोडत नाहीत." दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने बाईंना निघायचं होतं. त्या रिकाम्या हाताने जाणार, एवढंच मला कळलं.

मी घरामागे गेले. कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. मुळांचा झुपका सापडला. पांढरी, जाडसर पाच मुळं एकत्रच होती, एकाला चोच लागलेली. धुतली नाहीत. तशीच नेऊन दिली.

बाईंनी ती रोपाखाली ठेवली. काप कापाला बरोबर बसला. दुपारभर त्या काढत होत्या. चित्र झाल्यावर मला बोलावलं. चोच लागलेलं मूळ तसंच होतं. रोप आणि मुळं यांच्यामध्ये केसाएवढी जागा कोरी होती.

"ही भरायची राहिली," मी म्हणाले.

"तिथं विळी लागली होती ना."

झेरॉक्स शेजारीच पडली होती. जुन्या चित्रातलं रोप खाली जिथं संपत होतं, तिथं मी पुन्हा बघितलं. विळीवर कापावं तसं ते सरळ कापलेलं होतं.