जहाजातली सुरगाठ

माझी मुलगी दहा वर्षांची. ती बीडला तिच्या आईकडे राहते आणि मी आष्टी तालुक्यात, माझ्या मेंढरांत. आमचं लग्न मोडलं त्याला चार वर्षं झाली. महिन्यातला दुसरा रविवार, दहा ते पाच, एवढी ती माझी. त्यातही थोड्या थोड्या वेळानं तिच्या आईचा फोन येतो. जेवलीस का, उन्हात नको फिरू, कुठं आहात. काळजीपोटीच करते, मला कळतं. पण प्रत्येक फोननंतर पोरीला पुन्हा माझ्याकडे वळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळही मला सोसत नाही.

त्या रविवारी ती मला आनंदमेळ्यात घेऊन गेली. तिथं प्लायवूडचं एक जहाज उभं केलं होतं. समुद्री चाच्यांची कैद, पंचेचाळीस मिनिटांत तीन कुलपं उघडून सुटायचं. आमच्या जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा, म्हणून निळं कापड अंथरून खाली पंखा लावला होता. सुटणाऱ्यांना चाच्याची टोपी घालून फोटो काढून मिळायचा, तोही फ्रेम करून. तिला तो फोटो हवाच होता. सकाळी भजी खाताना सांगत होती, खोलीच्या भिंतीला आई खिळे मारू देत नाही, फक्त बक्षिसं लावू देते. आतापर्यंत धावण्याचं एक पदक आणि चित्रकलेचं प्रमाणपत्र लागलंय. मी हं हं करत होतो. माझं लक्ष तिच्या नुकत्याच पडलेल्या दाताच्या फटीकडे होतं.

दारावरच्या माणसानं एका डोळ्यावरची काळी पट्टी कपाळावर सरकवली होती, मोबाईल नीट दिसावा म्हणून. आमचे दोन्ही फोन त्यानं खोक्यात ठेवून घेतले आणि बाहेरून कडी लावली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आता पाऊण तास फोन येणार नाही. कैदेत पडलो होतो आणि मला हसू फुटत होतं.

पहिलं कुलूप तिनं पिंपांवरचे आकडे जुळवून उघडलं. दुसऱ्याची किल्ली वाळूच्या बादलीत सापडली. मी नुसता कंदील धरून उभा. तिसरी किल्ली डोलकाठीला बांधलेल्या पिशवीत होती आणि पिशवीच्या तोंडाला काथ्याची दोरी.

मी एका नजरेत ओळखलं. सुरगाठ. सातव्या वर्षापासून कोकरं याच गाठीनं बांधत आलोय. मोकळं टोक ओढलं की झालं. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं उरली होती.

"अवघड हाय गं लई," मी म्हणालो.

अन् गाठीशी चाळा करत बसलो. ती माझ्या खांद्याला टेकली. तिची बाकावरची मैत्रीण शाळा सोडून गेली होती, डबा ती आता एकटीच खाते, हे तिनं मला तिथं सांगितलं. फोनवर तिनं हे कधी सांगितलं नसतं. मी ऐकत राहिलो, बोटं चाळवत राहिलो. त्या नादात मोकळं टोक फाशातून कधी गेलं आणि मी ते कधी आवळलं, कळलं नाही. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा टोक ओढलं, तर गाठ हलेना. सुरगाठीची निरगाठ झाली होती, माझ्याच हातानं. नखं लावली, दात लावले. ती घड्याळाकडे बघत माझी बाही ओढत होती. घंटा वाजली.

बाहेर मी त्या माणसाच्या विनवण्या केल्या. फोटोचं तेवढं जमणार नाही म्हणाला. पुन्हा आत जायला रांग होती आणि साडेचार वाजून गेले होते.

रस्त्यानं जाताना ती म्हणाली, "पप्पा, ती कोकराची गाठ होती ना? उन्हाळ्यातल्या एका रविवारी तुमीच मला शिकवलती."

"होय."

"मग कावून न्हाई सोडली?"

खोटं सुचलं होतं. बोललो नाही. म्हणालो, "तुझ्यासंगं अजून जरा बसायचं होतं."

तिनं माझा हात सोडला नाही.

"मग तर फोटो पायजे होता. बक्षीस म्हणून मम्मीनं भिंतीला लावू दिला असता. त्येच्यात तुमी रोज माझ्यापाशी राहिला असता."

फोन वाजला. तिनं उचलला, पोचतोच म्हणाली. पाचला मी तिला दारापर्यंत सोडलं. तिच्या खोलीत मी कधी गेलेलो नाही. त्या भिंतीचा रंग कोणता, हेही विचारायचं राहून गेलं.