दोन्ही जोड सारखेच

माझी ही गोष्ट लातुरात बऱ्याच जणांना माहीत आहे. म्हणजे त्यांना जी माहीत आहे, ती खोटी आहे — अर्धी खोटी. खरी मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. कदाचित म्हणूनच तुमच्याशी बोलणं जमतंय.

रंजना आणि मी दोघी मुरुडच्या. एका गल्लीतल्या, एका वर्गातल्या, आणि पुढं लातूरला कॉलेजात गेलो तर होस्टेलच्या एकाच खोलीतल्या. तिचे वडील मजुरीला जायचे, माझे वडील शाळेत शिपाई. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या — आणि नव्या जागा भरणार म्हणून टायपिंगच्या क्लासला ही गर्दी. आम्हीही सकाळी जायचो. रंजनाची बोटं मशीनवर अशी चालायची की सर बाकीच्यांना थांबवून तिच्याकडं बघायला लावायचे. पळण्यातही ती पुढं. माझ्यापेक्षा सगळ्यातच पुढं, आणि तिला त्याचं काही वाटायचंसुद्धा नाही. मला वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवायला जागा राहणार नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. दिवाळीनंतर होस्टेलात पोरीमागं एक बादली पाणी मिळायचं. आंघोळ, कपडे, भांडी, सगळं त्यात. अशा कोरड्या दिवसांत आमची दोघींची निवड झाली. हिमाचलात मुलींसाठी बर्फावर स्कीइंग शिकवायचं शिबिर होतं, आणि नव्या जिल्ह्यातून दोन नावं पाठवायची होती. बर्फ आम्ही तोवर फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. शिबिरात जी पहिली येईल तिला पुढच्या मोठ्या शिबिराला पाठवणार, असंही कळलं. पहिली कोण येणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

बूट, पायाला बांधायच्या पट्ट्या, जाड जॅकेट हे तिकडं मिळणार होतं. हातमोजे मात्र आपापले आणायचे — गरम, आणि पाणी आत न शिरणारे. लातुरात कुठं मिळणार? दुकानात लोकरीचे होते, ते भिजले की संपलं. माझी मावशी नांदेडला राहायची. रंजना म्हणाली, "तू जातीच हायस, तर माझेबी आण. तुझी पसंत चांगली असती."

नांदेडला गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगत एका बोळात मिलिटरीचा जुना माल विकणारं दुकान मावशीनं दाखवलं. दुकानदार म्हातारा होता. कशासाठी हवेत ते ऐकून त्यानं मला समोर बसवलं आणि शिकवल्यासारखं सांगितलं. हातमोजा बोटांना जरा सैल हवा, आवळ मोजात ऊब धरत नाही. आतला लोकरी मोजा वेगळा निघाला पाहिजे, म्हणजे संध्याकाळी काढून वाळवता येतो. मनगटाच्या वर वीतभर यायला हवा, म्हणजे पडलं तरी बाहीतून बर्फ शिरत नाही. तळव्याला चामडं हवं, काठी धरायला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतून शिवणीवर रबराची पट्टी हवी.

"बेटी, बरफ में हात थंड से नै, भीगने से मरते," तो म्हणाला.

आमच्या मापाचे त्याच्याकडं दोनच जोड होते. दोन्ही काळे, दोन्ही लांब. वरून बघणाऱ्याला एकच वाटावेत. त्यानं तांब्या घेतला आणि एकेका मोजावर पाणी सोडलं. मग म्हणाला, घाल हात आत. पहिला आतून कोरडा ठणठणीत. दुसऱ्याच्या बोटांच्या टोकाशी ओल लागली. शिवणीवर पट्टीच नव्हती.

"ये घूमने-फिरने कू ठीक है. बरफ में नक्को. आठ दिन में नवा माल आता, तब लेके जाव."

आठ दिवस. आम्हाला निघायला पंधरा होते. मावशीचे यजमान रेल्वेत होते, त्यांनी कुणाच्याही हाती लातूरला पाठवले असते. मी थांबू शकत होते — हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलंय. पण मी दोन्ही जोड घेतले. का? घाई नव्हती. अडचण नव्हती. बसमध्ये बसले तेव्हा कोणता जोड कुणाचा, ते माझ्या मनात ठरलेलं होतं. तिचे हात भिजावेत, बस, एवढंच. ती जरा मागं पडावी. याहून पुढचं मी पाहिलं नव्हतं, पण एवढं तर पाहिलंच होतं ना?

होस्टेलवर रंजनानं दोन्ही जोड हातात घेऊन पाहिले. खूश झाली. म्हणाली, "यातला चांगला कंचा गं?"

"दोन्ही सारखेच," मी म्हणाले.

मग ती बादलीपाशी गेली. साधी गोष्ट — बुडवून बघू म्हणाली, पाणी शिरतंय का. मी जवळजवळ ओरडलेच, "येडी हायस का? काळा रंग सुटंल. मग त्या पाण्यानं आंघोळ करशील? उद्या सकाळपर्यंत थेंब मिळायचा न्हाई."

तिला पटलं. त्या वर्षी लातुरात पाण्यावरून कुणालाही काहीही पटलं असतं. तिनं मोजे घडी करून पेटीत ठेवले. लोक ज्याच्यासाठी रात्रंदिवस घागरी घेऊन उभे होते, त्या दुष्काळाचं मी निमित्त केलं.

बर्फावर पहिले तीन दिवस ऊन होतं. रंजना पडायची, हसायची, उठायची. चौथ्या दिवशी सकाळपासून भुरभुर सुरू झाली आणि दुपारी चांगलंच पडायला लागलं. आम्ही वरच्या उतारावर होतो. ती माझ्याजवळ आली. ओठ निळसर झाले होते. हात काखेत दाबून धरलेले.

"माझे मोजे आतून लई ओले झालेत," ती म्हणाली. "तुझेबी झालेत का?"

माझे हात कोरडे होते. गरम होते. मला आतल्या लोकरीची ऊब लागत होती.

"हाव," मी म्हणाले. "माझेबी."

तर हे ते. बाकी सगळं मी एक वेळ तुम्हाला समजावून सांगू शकेन — पोरकट हेवा होता, वय होतं. पण या एका शब्दाचं काय करू? मी "नाही" म्हणाले असते, तर तिला कळलं असतं की आपल्या मोजात काहीतरी खोट आहे. ती शिकवणाऱ्या मॅडमकडं गेली असती, त्यांनी तिला तिथूनच खाली पाठवलं असतं. मी "हाव" म्हणाले म्हणून तिला वाटलं, बर्फात सगळ्यांचं असंच होतं, सोसायचं असतं. सोसायला ती लहानपणापासून शिकलेली. ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिला जाताना पाहिलं.

तासाभरानं तिच्या हातातून काठी सुटली आणि ते तिला कळलंही नाही. मी मोजा ओढून काढला. उजव्या हाताची बोटं मेणासारखी पांढरी. मी घाबरले, रडायला लागले, माझे मोजे काढून तिच्या हातात चढवले. हे खरं आहे. लोक जी गोष्ट सांगतात ती इथून सुरू होते. मोजे कोरडे आहेत हे तिला समजलं नाही — तिच्या बोटांना तेव्हा काहीच समजत नव्हतं. तिचे ओले मोजे मी खाली येताना घळीत टाकून दिले. कुणी विचारलं तर वाऱ्यानं गेले म्हणायचं, हेही सुचलं मला.

दवाखान्यात तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची वरची पेरं काढावी लागली.

मुरुडला परतलो तर गल्लीतल्या विहारात माझा सत्कार ठेवलेला. माझीही बोटं सुजली होती, साल निघत होती. बायका ती हातात घेऊन बघत होत्या. रंजनाच्या आईनं माझ्या गळ्यात हार घातला. त्याआधी सगळ्यांबरोबर मी पंचशील म्हटलं. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, तेव्हा माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

टायपिंगच्या परीक्षेला रंजना बसली. उरलेल्या बोटांनी सहा महिने सराव केला होता तिनं. वेग भरला नाही. मी पास झाले आणि त्याच नव्या कचेरीत चिकटले. आयुष्यभर त्या पगारावर घर चाललं, लेक शिकली. रंजनानं मुरुडात अंगणवाडी चालवली. लेकरांना ती डाव्या हातानं अक्षरं गिरवून दाखवायची. संसार बरा झाला तिचा. ती दुःखी नाही, असं म्हणून मी स्वतःला सोडवायचा प्रयत्नही करून पाहिला. पण तिला काय करायचं होतं, ते मला माहीत होतं.

मला तुमच्याकडून काही नको. तुम्ही मला समजून घ्यावं असं म्हणत नाही, आणि तिला जाऊन सांगेन असं वचनही देत नाही. इतकी वर्षं हिंमत झाली नाही, ती आज होईल असं कशावरून?

माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला ती एसटीनं आली होती. कुणी सांगितलं नव्हतं तरी उठून माईकपाशी गेली. जयभीम घातला आणि म्हणाली, "हिनं सोताचे मोजे काढून मला घातले आन उघड्या हातानं खाली आली. न्हाईतर माझा आख्खा हात गेला असता." साहेब डोळे पुसत होते. माझी लेक माझ्याकडं अभिमानानं बघत होती. माईक माझ्या हातात आला. मी सगळ्यांचे आभार मानले, आणि म्हणाले, माझ्या जागी रंजना असती तर तिनंही हेच केलं असतं.

टाळ्या वाजल्या. मी खाली बसले.