अडुसष्टकाकांची दुरुस्ती

वर केलेले हात एकदा मोजून अडुसष्टकाकांचं समाधान कधी झालं नाही. चाळीची सहल एलिफंटाला न्यायची की राणीच्या बागेत, एवढ्यासाठीसुद्धा मी हात मोजून आकडा सांगितला, की ते म्हणायचे, "परत मोजा." लोकांचे खांदे भरून यायचे, पण हात खाली घ्यायची सोय नव्हती.

त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावरच राहिलं. महापालिकेच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमच्या परळच्या चाळीतल्या वाचनालयाचे ते अध्यक्ष झाले. मी चिटणीस. राज्यघटनेत दुरुस्ती कशी करायची ते सांगणारं कलम तीनशे अडुसष्ट त्यांच्या तोंडी इतकं असायचं, की चाळीतल्या पोरांनी त्यांचं बारसंच करून टाकलं. त्यांनाही ते नाव मनातून आवडत असावं.

"संसदेच्या दोन्ही सभागृहांत, वेगवेगळं," ते बोटं मुडपत सांगायचे, "हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन तृतीयांश पाहिजेत. तेवढ्याने भागत नाही. एकूण सदस्यांतले निम्म्याहून जास्तही पाहिजेत. काही कलमांना तर निम्म्या राज्यांची विधानमंडळंही हो म्हणावी लागतात. मग राष्ट्रपतींची सही."

"एवढी कटकट कशाला, काका?" कुणीतरी विचारायचंच.

"सोपं असतं ना, तर सत्तेवर बसलेल्याने दात घासता घासता बदलली असती."

वाचनालयाच्या घटनेतही दुरुस्तीसाठी त्यांनी हीच दुहेरी अट घालून घेतली होती. शिवाय सभासद चाळीत राहणाराच हवा, हा नियमही त्यांचाच. बाहेरची मंडळी वाचनालयाची जागा बळकावू पाहत होती, तेव्हा त्यांनी तो आणला होता.

काकू गेल्या आणि मुलाने चाळीतली खोली विकायला काढली. तो काकांना बदलापूरला आपल्याकडे नेणार होता. मुलगा वाईट नव्हता, बापाला एकटं ठेवायला त्याचा जीव धजत नव्हता. काकांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. "रविवारी येऊन पेपर वाचत जाईन. पण सभासद म्हणून. पाहुणा म्हणून नको."

म्हणजे घटनादुरुस्ती आली: जुन्या रहिवाशाचं सभासदत्व चाळ सोडल्यावरही राहावं. मी दारोदार जाऊन सभेचं सांगितलं. जो तो म्हणे, "काकांचं काम ना? होणारच. माझ्या एकट्यावाचून काय अडतंय?" असं म्हणत म्हणत निम्मी चाळ वसईला एका हळदीला निघून गेली.

सभेला आलेल्या सगळ्यांनी हात वर केले. विरोधात एकही नाही. मी मोजले.

"परत मोजा," काका म्हणाले.

परत मोजले. एकूण सभासदांच्या निम्मेसुद्धा भरत नव्हते.

"सोडा ना काका," तळमजल्यावरचा दिलीप ओरडला. "सगळे हात वर हायत! रूल गेला खड्ड्यात."

काकांनी चष्मा काढला. "जे आले त्यांचे वर आहेत, दिलीप. जे आले नाहीत, तेही मोजावे लागतात. ठराव नामंजूर." एकही शब्द त्यांनी गिळला नाही. तोच ठराव पुन्हा आणायचा तर पुढच्या वार्षिक सभेपर्यंत थांबायला हवं, हाही नियम होता. मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही थोडा आहे. माणसाने स्वतःशी तरी इतकं कडक असू नये.

एकाही रविवारी ते आले नाहीत. फोनवर जयभीम झाला की पहिला प्रश्न असायचा, "सभा कधी आहे?" सभेची तारीख ठरायच्या आतच ते गेले. बदलापूरला आम्ही सगळे गेलो. हळदीला गेलेले सगळ्यांत मागे, मान खाली घालून उभे होते.

वार्षिक सभेला वाचनालयात जागा पुरली नाही, माणसं गॅलरीत उभी राहिली. ठरावात दिलीपने एक वाक्य घालायला लावलं: काकांनी चाळ सोडली त्याच्या आदल्या दिवसापासून ही दुरुस्ती लागू. मागच्या तारखेपासून दुरुस्ती लागू करता येते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. म्हणजे ते गेले, ते आमचे सभासद असताना गेले.

हात वर झाले. मी मोजले. पुरून उरत होते, तरी कुणी हात खाली घेईना. सगळे अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. तिकडून काही आवाज येईना, तेव्हा दिलीपच म्हणाला, "ताई, परत मोजा."

डोळे भरल्यामुळे आकडा सारखा चुकत होता. मी परत मोजले.